काउंटडाउन टायमर लावून कामात खरंच लक्ष लागतं का?

हो, लागतं. फक्त टायमर फोनवर लावू नका. किती वेळ उरला हे बघायला फोन उचलला की नोटिफिकेशन दिसतं आणि लक्ष तिकडेच जातं. साधा किचन टायमर समोर ठेवा. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकात पोमोडोरो पद्धत अशाच टायमरवर बसवली: २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. २५ हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नाही. नकोशा कामाला १० मिनिटंच लावा, निदान सुरुवात तरी होते. मध्येच दुसरं काही आठवलं तर कागदावर एका शब्दात टिपून ठेवा आणि पुढे चला. लिहिताना तंद्री लागली असेल तर मात्र टायमर वाजला तरी उठू नका. घरातल्या आवराआवरीलाही हा उपाय छान चालतो.