लॉकडाऊनमध्ये मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांचा अनुभव कसा होता?

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे. बसच्या दारातून जे दिसलं तेवढंच सांगतो.

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल बंद झाली. विरार, कल्याण, बदलापूरच्या नर्स, वॉर्डबॉय केईएम-नायरला पोचवायला उरल्या आमच्या बस आणि एसटी. रस्ते इतके मोकळे, की ड्रायव्हर म्हणायचा, "सिग्नलला एकटंच थांबायला कसंतरी होतं रे."

भीती होतीच. पाच रुपयांचं तिकीट, घामट नाणी, सॅनिटायझर मारून ओल्या झालेल्या नोटा. घरी चाळीत सामाईक नळावर माझा नंबर शेवटी. ज्यांनी थाळ्या वाजवल्या त्यांनीच एप्रिलमध्ये विचारलं, "डेपोतच झोपायची सोय नाही का होत?" राग आला होता. आता नाही येत, त्यांच्याही घरात म्हातारी माणसं होती.

पण मला खरं जड गेलं ते ओळखपत्र बघणं. कार्ड असेल तोच अत्यावश्यक. पुढे १५ जूनला लोकल सुरू झाली तीही कार्डवाल्यांसाठीच.

सायनला एक मावशी चढायच्या. माटुंग्याला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना सांभाळायच्या, म्हणजे हगणं-मुतणं, भरवणं, सगळंच. कार्ड कोण देणार त्यांना? पहिल्या दिवशी मी त्यांना उतरवलं. गाडी अर्धी रिकामी होती. काही न बोलता त्या चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आजींची औषधांची फाईल घेऊन आल्या. "दादा, हे चालतं का?"

मी उगाच दोन-तीन पानं उलटली, डॉक्टरांचं अक्षर मला काय कळणार, आणि तिकीट फाडलं. मग रोज तेच. एकदा चेकर चढला, तेव्हा मीच बोललो, "हॉस्पिटल स्टाफ." खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही.

८ जूनला बस सगळ्यांना खुली झाली. एका सीटवर एक, उभे मोजकेच. सायनला रांग पार पुलाच्या खाली गेलेली. गाडी भरली तेव्हा मावशींपुढे अजून दहा-बारा जण होते. त्यांनी लांबूनच फाईल वर धरून दाखवली.

मी डबल बेल दिली.