आमिश रोमान्स पहिल्यांदाच वाचतेयस? मग एवढं बघ

अगं मस्तच! आमिश म्हणजे अमेरिकेतला जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ, त्यांच्यातल्या प्रेमकथा या. आणि सुरुवात नव्या आयुष्याच्या कथेनेच कर, म्हणजे एखादी विधवा लेकरं घेऊन पेन्सिल्व्हेनियातून ओहायोच्या होम्स काउंटीत येते असं काहीतरी, कारण तिला जसजसं नवं गाव कळतं तसतसं आपल्यालाही ते जग कळत जातं.

पहिली चूक बहुतेक सगळ्यांची होते ती म्हणजे आपण सवयीने 'घरच्यांचा विरोध' शोधत बसतो. तिथे खरी गाठ बाप्तिस्म्याची, म्हणजे चर्चमध्ये सामील होण्याच्या विधीची असते. तो बाळपणी नाही, मोठेपणी स्वतःहून घ्यायचा, आणि दोघांनी घेतल्याशिवाय चर्च लग्न लावत नाही. साधारणपणे, घेण्याआधी सोडून गेलं तर वाळीत टाकत नाहीत, घेतल्यावर गेलं तर टाकतात. हे एकदा डोक्यात बसलं ना की हिरो एवढा का अडखळतोय ते लगेच कळतं.

बाकी थोडंसंच:
- ऑर्डनुंग म्हणजे मंडळीचे (त्या-त्या गावच्या चर्चचे) नियम, बहुतेक तोंडी आणि प्रत्येक मंडळीचे थोडे वेगळे, त्यामुळे दोन पुस्तकांत फरक दिसला तर लेखिकेची चूक समजू नकोस
- लग्न झालेला पुरुष दाढी ठेवतो, मिशी नाही. कोण अविवाहित ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं
- पात्रं बोलतात ती पेन्सिल्व्हेनिया डच ही हॉलंडची भाषा नाही, जर्मन बोली आहे. प्रत्येक शब्दाला थांबू नकोस, अर्थ पुढच्या ओळीत मिळतो

आणि प्लीज पानं उडवू नकोस! स्वीट रोमान्समध्ये बेडरूम नसते, सगळं प्रेम बग्गीतून घरी सोडताना किंवा तिचं मोडकं कुंपण न सांगता दुरुस्त करण्यात असतं. रुमश्प्रिंगा (तरुणपणीचा थोडा मोकळा काळ), मेनोनाइट (आमिशांच्या जवळचा पंथ) वगैरे आत्ता नको, दोन पुस्तकं झाली की विचार.