स्वादुपिंडाचा कर्करोग आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर मागे लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त प्रश्न व्हिटॅमिनबद्दल होते. हा आजार उशिरा कळतो. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. अशा वेळी घरच्यांना हातावर हात ठेवून बसवत नाही, हे मी ओपीडीत रोज बघतो. म्हणून त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

वडिलांची केमो चालू आहे. व्हिटॅमिन डीसारख्या औषधाने केमोचा परिणाम वाढतो असं वाचलं. घरात ६०,००० युनिटची पाकिटं आहेत, ती रोज दिली तर चालेल का? (कोल्हापूर)

रोज अजिबात देऊ नका. तुम्ही वाचलंत ते संशोधन मात्र खरं आहे आणि मोलाचंही आहे.

स्वादुपिंडात ताराकृती पेशी असतात. एरवी त्या व्हिटॅमिन एचे बारीक थेंब साठवून शांत असतात. गाठ वाढायला लागली की त्या खवळतात, ते थेंब गमावतात आणि गाठीभोवती तंतूंचं दाट, कडक जाळं तयार करतात. या जाळ्यात रक्तवाहिन्या दबतात आणि केमोचं औषध आत नीट पोचत नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने दाखवलं की या ताराकृती पेशींत व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून पेशीत बदल घडवणारं प्रथिन, असतो. तो चेतवण्यासाठी त्यांनी कॅल्सिपोट्रायॉल वापरलं. सोरायसिसच्या मलमात असतं तेच हे औषध. उंदरांना ते जेमसिटाबिन या केमोच्या औषधाबरोबर दिल्यावर पेशी शांत झाल्या, गाठीत जास्त औषध शिरलं आणि नुसती केमो दिलेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर ५७ टक्के जास्त काळ जगले.

हे घडलं ते मुख्यतः कर्करोगाच्या पेशींभोवतीच्या पेशींमुळे, आणि तेही उंदरांत. शिवाय कॅल्सिपोट्रायॉल निवडण्याला कारण आहे : साध्या व्हिटॅमिन डीच्या सक्रिय रूपापेक्षा ते रक्तातलं कॅल्शियम कमी वाढवतं. तुमच्या पाकिटात ते नाही. माणसांवर या गटातल्या औषधांच्या चाचण्या झाल्या, पण त्यांतून अजून रोजच्या उपचारात घेण्यासारखं काही हाती आलेलं नाही.

आता पाकिटाबद्दल. आयसीएमआरने सांगितलेली रोजची गरज ६०० युनिटची आहे. ६०,०००चं पाकीट कमतरता असेल तर आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर काही आठवड्यांत कॅल्शियम चढतं : मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, सुस्ती, बोलण्यात गोंधळ. केमोच्या पेशंटला असं झालं की घरचे म्हणतात, औषध सोसत नाहीये, आणि पाकिटं चालूच राहतात. तिकडे मूत्रपिंडं बिघडत जातात. वडिलांची २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी करून घ्या आणि कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा द्या.

मी मायक्रोबायॉलॉजीची विद्यार्थिनी आहे. अमुक व्हिटॅमिनने स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींची वाढ थांबली असे शोधनिबंध ढिगाने सापडतात. मग औषधं का येत नाहीत? (पुणे)

असा निबंध हातात आला की आधी मात्रा बघ. प्रयोगशाळेच्या प्लेटमध्ये ५० किंवा १०० मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) मात्रेला पेशी मेल्या असं लिहिलेलं असतं. गोळी गिळून रक्तात त्याचा दहावा हिस्सा तरी पोचतो का, हे शोध. पुष्कळ निबंधांची गोष्ट इथेच संपते. मग बघ की शेजारी निरोगी पेशींवर तीच मात्रा वापरली होती का. पँक-१ आणि मिया पाका-२ या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी जगभर प्रयोगांत वापरतात. त्या प्लास्टिकवर, भरपूर ग्लुकोज मिळालेल्या, वर सांगितलेल्या जाळ्याशिवाय वाढतात. पेशंटच्या पोटातली गाठ अशी नसते.

एक खाचखळगा मुद्दाम सांगतो, कारण तुलाही कधीतरी हा प्रयोग करावा लागेल. व्हिटॅमिन सी कल्चर मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, टाकलं की तिथल्या लोह-तांब्याच्या अंशांबरोबर त्याची क्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी त्यानेच मरतात. पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे एन्झाइम घालून प्रयोग पुन्हा कर. पेशी वाचल्या तर मारणारं कोण होतं ते कळेल.

आमच्या गावाजवळच्या एका केंद्रात व्हिटॅमिन सीचं सलाइन देतात. काकांना न्यावं का? (नाशिक जिल्हा)

याला जुना इतिहास आहे. १९७६ मध्ये लायनस पॉलिंग आणि इवान कॅमेरॉन यांनी व्हिटॅमिन सीने कर्करोगाचे पेशंट जास्त जगतात असं मांडलं. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये चाचण्या घेतल्या. रोज १० ग्रॅम तोंडाने देऊनही फायदा दिसला नाही. पुढे लक्षात आलं की तोंडाने कितीही घेतलं तरी आतडं एका मर्यादेपलीकडे व्हिटॅमिन सी शोषत नाही. शिरेतून दिलं तर रक्तातली पातळी कित्येक पटींनी वर जाते, आणि त्या पातळीला ते पेशींवर पेरॉक्साइडमार्फत औषधासारखं काम करू शकतं.

आयोवा विद्यापीठाची चाचणी २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. पसरलेल्या कर्करोगाचे ३४ पेशंट होते. एका गटाला जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमोची दोन औषधं, उरलेल्यांना तीच केमो आणि आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम व्हिटॅमिन सी शिरेतून. मध्यक आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.३ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेलं. या आजारात एवढा फरक क्वचितच दिसतो, म्हणून मी ही चाचणी गांभीर्याने घेतो. पण ३४ हा फार लहान आकडा आहे. मोठ्या चाचणीत हेच दिसलं, तर मी स्वतः ते लिहून देईन. आणि तिथेही व्हिटॅमिन सी केमोबरोबर दिलं होतं, केमोच्या जागी नाही. केंद्रवाले केमो बंद करायला सांगत असतील तर त्या दारातूनच परत फिरा.

धोकेही नीट समजून घ्या. जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या मात्रेने फुटतात. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता बऱ्यापैकी आढळते, तेव्हा ही तपासणी न करता सलाइन लावणं हा गुन्हाच मानतो मी. मूत्रपिंडं कमजोर असतील तर व्हिटॅमिन सीपासून बनणारं ऑक्झलेट त्यांत साठतं. तिसरा धोका फार कमी लोकांना माहीत असतो : इतकं व्हिटॅमिन सी रक्तात असताना घरातला ग्लुकोमीटर फसतो आणि साखर आहे त्यापेक्षा खूप जास्त दाखवतो. या कर्करोगात मधुमेह पुष्कळांना असतो. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर साखर जीवघेणी उतरू शकते.

व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल घ्याव्यात का? (मडगाव)

नको. अमेरिकेतल्या सिलेक्ट चाचणीत ३५,०००हून जास्त पुरुष होते. रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त निघाला. तुम्ही एखादी आशादायक बातमी वाचली असेल, तर ती बहुधा डेल्टा-टोकोट्रायनॉलची असेल. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये शस्त्रक्रियेआधी ते पेशंटना देऊन पाहिलं आणि काढलेल्या गाठीत पेशींच्या मरणाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. पण ते व्हिटॅमिन ईच्या कुटुंबातलं वेगळं संयुग आहे. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये अल्फा-टोकोफेरॉल असतं.

व्हिटॅमिनपासून बनलेल्या औषधाने कर्करोग बरा झाल्याचं एक तरी उदाहरण आहे का? (ठाणे)

आहे, आणि ते फार सुंदर आहे. शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी १९८०च्या दशकात प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटना ट्रान्स-रेटिनॉइक अॅसिड दिलं. हे व्हिटॅमिन एपासूनचं संयुग. त्याने रोगट पेशी मारल्या जात नाहीत, त्या प्रौढ होतात. एकेकाळी काही दिवसांत माणूस नेणारा हा आजार आज या औषधाने आणि आर्सेनिकने बहुतेकांत बरा होतो. लंडनच्या बार्ट्स संस्थेतल्या डॉक्टरांनी हेच औषध स्वादुपिंडाच्या ताराकृती पेशी शांत करण्यासाठी केमोबरोबर वापरलं; २०२०च्या अहवालानुसार ते पेशंटना सोसलं, पुढची चाचणी घेण्याजोगं ठरलं. मात्र गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्यांना दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग वाढला.

जर्दाळूच्या बियांतल्या ‘व्हिटॅमिन बी-१७’ने कर्करोग बरा होतो का? (व्हॉट्सअॅपवरचा मजकूर पाठवणारे अनेक)

हे व्हिटॅमिन नाही. ते अॅमिग्डालिन आहे आणि पोटात त्यातून सायनाइड सुटतं. १९८२ मध्ये १७८ पेशंटवर चाचणी झाली. फायदा शून्य, काहींच्या रक्तात विषबाधेच्या जवळ जाणारं सायनाइड. बिया फेकून द्या.

आईची व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचं डोकं आणि लगतचे भाग काढण्याची) झाली. तिला खरोखर कोणती व्हिटॅमिन लागतील? (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला. स्वादुपिंडाचा रस कमी पडला की चरबी पचत नाही आणि चरबीबरोबर शोषली जाणारी ए, डी, ई, के ही चारही व्हिटॅमिन वाया जातात. संडास तेलकट होते, पाण्यावर तरंगते, फ्लश करून जात नाही, माणूस खाऊनही वाळत जातो. अशा वेळी व्हिटॅमिनच्या गोळ्या वाढवून उपयोग नाही. आधी पॅन्क्रिअॅटिन एन्झाइमच्या कॅप्सूल नीट सुरू कराव्या लागतात. मुख्य जेवणाला ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला २५,००० अशी सुरुवात करतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण लांबलं तर काही मध्ये. जेवण झाल्यावर घेतल्या तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. आतले दाणे चावायचे नाहीत, गरम चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. दुधाच्या पेल्यालाही कॅप्सूल लागते, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. घरात त्यावरून अडचण असेल तर गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

डी, बी-१२ आणि लोह यांची तपासणी अधूनमधून करत राहा. पुन्हा कावीळ झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच दिवशी दाखवा : पित्त अडलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठेनासं होतं, आणि तिथे एक साधं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन खरोखर जीव वाचवू शकतं.