डिस्क भरली म्हणून जुन्या रिलीज उडवू का? – माझं उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की सर्व्हरची डिस्क भरत आली, जुन्या रिलीजचे (सर्व्हरवर टाकलेल्या मागच्या आवृत्त्यांचे) फोल्डर जागा खातात, सोर्स कोड तर गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात) आहेच, मग चालू आवृत्ती सोडून बाकी सगळं उडवलं तर काय बिघडतं? सगळं उडवू नका.

गिटमध्ये कोड असतो, चालणारी बिल्ड (कोडपासून बनवलेलं तयार सॉफ्टवेअर) नसते. अडचणीच्या रात्री जुना टॅग (त्या आवृत्तीची गिटमधली खूण) काढून बिल्ड करायला बसलात तर त्या वेळच्या लायब्ररी (बाहेरून घेतलेला तयार कोड) जशाच्या तशा मिळतील याचा भरवसा नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावरून) काढलं आणि जगभर लोकांच्या बिल्ड अडल्या. म्हणून जी बिल्ड प्रत्यक्ष चालली होती तीच, तिच्या कॉन्फिगसकट (सेटिंगसकट), जपायची.

कॅपिस्ट्रानो हे रिलीज सर्व्हरवर टाकणारं साधन मुळात ५ रिलीज ठेवतं. मीही पाच ठेवतो, पण वर एक वेगळी: मागचा अख्खा हंगाम बिनतक्रार चाललेली. आठवड्यात पाच हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या) गेले की ती यादीतून घसरते, आणि उरतात त्या पाचही तक्रारीच्याच. कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी व्यवस्था) असेल तर आणखी एक बघा. ते मागच्या १० आवृत्त्यांची नोंद ठेवतं, पण इमेज (चालवायची तयार बिल्ड) ठेवत नाही. रजिस्ट्री (इमेजचा साठा) साफ करताना त्या इमेजचा टॅग गेला असेल तर रोलबॅक (मागच्या आवृत्तीवर परतणं) इमेज ओढतानाच अडकतो.

आता खरी गोष्ट डेटाबेसची. नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरत होती, एका आडत्याकडे आमचं पावतीचं सॉफ्टवेअर होतं. रात्री नवी रिलीज टाकली. पहाटे काट्यावर गाड्या लागल्या आणि क्रेटचं वजन दोनदा वजा व्हायला लागलं. सिमलिंक (चालू आवृत्तीच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) मागच्या फोल्डरवर वळवली, मिनिटही लागलं नाही. जुनं अ‍ॅप सुरू झालं आणि पहिल्याच पावतीला पडलं, कारण नव्या रिलीजच्या मायग्रेशनने (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) ‘वजन’ कॉलमचं नाव बदललं होतं. फोल्डर जपला होता, पण त्याला हवा तो डेटाबेस आम्हीच मोडला होता. मुनीम हाताने पावत्या लिहीत होता आणि काटोलहून रात्रीच गाडी भरून निघालेला शेतकरी माझ्याकडे बघत उभा होता. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून कॉलमचं नाव थेट बदलत नाही. आधी नवा कॉलम जोडायचा, काही रिलीज दोन्हीत लिहायचं, आणि ज्या आवृत्तीवर परतायचं असू शकतं तिला जुना कॉलम लागत नाही अशी खात्री झाली की मगच तो काढायचा. शिवाय प्रत्येक रिलीजआधी टेस्ट सर्व्हरवर मायग्रेशन चालवून, मागची आवृत्ती त्याच डेटाबेसवर उठवतो आणि एक पावती फाडून बघतो. दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या गोदामातल्या फोनवरच्या अ‍ॅपला मागे जाता येत नाही. प्ले स्टोअर कमी व्हर्जन कोड (आवृत्तीचा क्रमांक) घेत नाही, जुनाच कोड वाढीव नंबर देऊन पाठवावा लागतो. लोक अपडेट लगेच करत नाहीत, तेव्हा जुन्या अ‍ॅपला लागणारे एपीआयही (सर्व्हरशी बोलायचे मार्ग) चालू ठेवा.

आणि जागा आजच हवी असेल तर आधी ‘डीयू’ (कोणता फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारी कमांड) चालवून बघा. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा रिलीजपेक्षा लॉगच (सॉफ्टवेअर लिहीत राहतं त्या नोंदींच्या फाइल) जास्त जागा खातात. जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट लावलेलंच नसतं.