पॉइंट बदलले अन् फियाट तापायला लागली

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची 1990 ची पद्मिनी (जुनी फियाट) आहे. महिन्याभरापूर्वी पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) नि त्यांच्यासोबतचा कंडेन्सर बदलले, तेव्हापासून गाडीला पिकअपच नाही. सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागतो अन् व्हेरायटी चौकात सिग्नलवर तापमानाचा काटा वर जातो. रेडिएटर साफ केला, फरक नाही. आता मेकॅनिक इंजिनचं हेड (वरचं झाकण) खोलू म्हणतो. खोलू का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: भाऊ, थांबा जरा, हेडला हात लावू देऊ नका. नागपूरचा मे आहे म्हणून गाडी तापते असं सगळेच म्हणतात, पण तुमचं दुखणं पॉइंट बदलल्यावरच सुरू झालं ना, मग आधी तिथंच बघायचं. चढावर खडखड होते असं तुम्ही म्हणत नाही, नुसती गाडी ओढत नाही अन् तापते, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे गेलंय असा माझा पक्का संशय आहे. नवीन पॉइंटचा फायबरचा ठोकळा पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासून थोडा बसतो, पॉइंटमधला गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते, मग पेट्रोल उशिरा जळून त्याची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी हेडमध्ये नि सायलेन्सरमध्ये जाते.

म्हणून आधी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मॅन्युअलप्रमाणे लावा, टायमिंग त्यानंतरच, कारण गॅप हलला की टायमिंग हलतंच. बरेच जण हे उलटं करतात आणि मग दिवसभर डिस्ट्रिब्युटर (पॉइंट बसवलेला, प्लगना करंट वाटणारा भाग) फिरवत बसतात. आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चारही प्लग काढलेले, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) जाड वायर बॉडीला लावलेली. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवरून बॉडीला 12 व्होल्टचा छोटा बल्ब जोडा, चावी ऑन करा, इंजिन हँडलने हळूहळू, फिरतं त्याच दिशेनं फिरवा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. तो इंजिनच्या पुलीवरची टायमिंगची खूण जुळते तेव्हाच लागायला पाहिजे. खूण निघून गेल्यावर लागला तर क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेनं अगदी केसभर फिरवा, जास्त नको, टायमिंग फार पुढे गेलं की तिसऱ्या गिअरला चढावर पिस्टन खडखडायला लागेल.

एवढं करूनही रेस केल्यावर गाडी सुस्तच वाटली तर टायमिंग लाइट (चालू इंजिनवर खूण दाखवणारा दिवा) लावून बघा, रेसबरोबर खूण पुढे सरकत नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधली टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकलीत, खोलून साफ करून थेंबभर तेल द्या.