गावात हाफ मॅरेथॉन सुरू करून त्यावर छोटा व्यवसाय उभा राहील का? किती भांडवल लागेल?

उभा राहतो, पण पहिली दोन-तीन वर्षं त्यावर घर चालेल असं धरू नका. जुन्नर तालुक्यात आम्ही चौघं मिळून दरवर्षी डिसेंबरमध्ये २१ किलोमीटरची धाव भरवतो, त्यामुळे अनुभवाचंच सांगतो.

आधी हिशोब. आमच्या दुसऱ्या वर्षाचे ढोबळ आकडे असे होते: प्रवेश फी ९५० रुपये. त्यातून एका धावपटूवर टी-शर्ट १८०, पदक १००, बिब (छातीवर लावायचा नंबर) आणि टायमिंग चिप (धावायची वेळ नोंदवणारी) ७०, जेवण १२०, पाणी-इलेक्ट्रॉल-केळी ५०, म्हणजे ५२० रुपये जातात. हातात राहिले ४३०. आता माणसं कितीही येवोत, जो खर्च टळत नाही तो बघा: दोन रुग्णवाहिका, मांडव, कमान, स्पीकर, फिरती शौचालयं, विमा, टायमिंगवाल्याचं किमान भाडं. तो आमचा १ लाख ८० हजार झाला. म्हणजे साधारण ४२० जण आले तर बरोबरी. ५०० आले तर ३५ हजार उरतात, ३०० आले तर ५१ हजार खिशातून जातात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित वहीत मांडल्याशिवाय पदकांची ऑर्डर देऊ नका. आणि त्यात प्रायोजकाचा एक रुपयाही धरू नका. आम्हाला पहिल्या वर्षी एकाने शब्द दिला होता. धावेच्या दहा दिवस आधी त्याने फोन घेणं बंद केलं. तेव्हापासून पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय बॅनरवर नाव छापत नाही. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा फी ठरवतानाच सीएला विचारा.

वेळ आणि रस्ता शहरातल्या धावांकडे बघून ठरवू नका. शहरात लोक पहाटे पाचला धावायला सुटतात. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. म्हणून वनखात्याशी बोलून आम्ही सव्वासात ठरवले, म्हणजे चांगलं उजाडल्यावर. मग दुसरी अडचण आली: त्याच वेळी दूध संकलनाच्या गाड्या सुटतात. पूर्ण रस्ता अडवला असता तर गावाने पुढच्या वर्षी उभंच केलं नसतं. आम्ही प्रत्येक डेअरीवर जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या आणि एक बाजू त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. पोलीस, बांधकाम खातं, ग्रामपंचायती यांच्या परवानग्या लागतातच, त्यासाठी चार महिने आधी अर्ज द्या.

अंतर नीट मोजा, हे कळकळीने सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही मोटरसायकलच्या मीटरवर भरवसा ठेवला आणि रस्ता जवळपास ४०० मीटर कमी भरला. लोक पुण्याहून गाडी करून येतात, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ लागली म्हणून आनंदाने रडतात, आणि मग कळतं की ती खरी नव्हती. काहींना ती वेळ मुंबई मॅरेथॉनच्या नोंदणीसाठी दाखवायची होती. प्रमाणित मोजणी सायकलच्या चाकाला काउंटर लावून करतात आणि रस्ता कमी पडू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे २१ किलोमीटरला साधारण २१ मीटर.

आणि पाणी. दुसऱ्या वर्षी १७व्या किलोमीटरच्या टेबलावरचं पाणी संपलं. पुढच्यांनी दोन-दोन बाटल्या उचलल्या आणि मागून येणाऱ्या साठेक जणांना, तेही साडेनवाच्या उन्हात, काहीच मिळालं नाही. एक काकू जवळच्या वस्तीवर पाणी मागून पुढे चालत आल्या. मी त्या साठ जणांना एकेक करून फोन केला, माफी मागितली, फी परत केली. आता बाटल्या बंद, ग्लास आणि जार. प्रत्येक टेबलाचा एक तृतीयांश साठा मागे झाकून ठेवतो, शेवटचा धावपटू गेल्यावरच ते टेबल उठतं, आणि शेवटच्या माणसाबरोबर आमचा एक जण सायकलवर असतो. पहिले दहा जण कुठेही धावतील; पुढच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन येतात त्या तीन तास लागणाऱ्या बायकाच.

वाढीचं म्हणाल तर आम्ही फुल मॅरेथॉन जोडली नाही. त्यासाठी सहा-सात तास रस्ता आणि माणसं लागतात, ती आमच्याकडे नाहीत. त्याऐवजी दहा किलोमीटर जोडली, ८०० वर नोंदणी बंद केली आणि बारा आठवड्यांचा सराव गट सुरू केला. वर्षभराची खरी कमाई त्या गटाच्या फीतून येते. जेवण बचत गटाच्या बायका करतात, मासवडी आणि रस्सा. त्यांचे पैसे त्याच दुपारी रोख देतो.

तारीख आम्ही डिसेंबरचा मध्य धरली, कारण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी लोक तेव्हा एक चांगली हाफ शोधत असतात. तुमच्या भागातली जत्रा आणि लग्नाच्या तिथी तेवढ्या आधी बघून घ्या; मांडववाला आणि मंगल कार्यालय दोन्ही त्या दिवशी मिळत नाहीत.