माडीवर वायफाय पोचत नाही, रिपीटर घेऊ का?

प्रश्न : सर, आमचं खानापुरातलं घर जुनं, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं. राउटर खाली सोप्यात आहे, माडीवरच्या कॉम्प्युटरला लॅनची वायर ओढलेली आहे पण मोबाईलला वर रेंजच नाही, मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो. रिपीटर घेऊ का? घरात एक जुना राउटर पडून आहे, तो चालेल का?

उत्तर : रिपीटर नको. वर वायर पोचलीय म्हणजे अवघड काम झालंय, आणि रिपीटर जांभ्यातनं मेटाकुटीनं आलेलाच सिग्नल पुढं ढकलणार, त्यात स्पीड बऱ्याचदा निम्म्यावर येतो. जुना राउटरच लावा. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (वायरनं आलेलं नेट नुसतं वायफायनं पसरवायचं, बाकी काम खालच्या राउटरकडं) असेल तर तो निवडा, झालं. नसेल तर आधी तो एकटाच कॉम्प्युटरला जोडून त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला, खालचा १९२.१६८.१.१ असेल तर ह्याला १९२.१६८.१.२ द्या (खालचा राउटर तो पत्ता दुसऱ्या कुणाला देत नाही ना बघा), मग ह्याचं डीएचसीपी (मोबाईल-कॉम्प्युटरला पत्ते वाटायचं काम) बंद करा. हे नक्की करा, नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि नेट कधी चालतं कधी नाही, कारणच सापडत नाही! खालून आलेली वायर लॅन पोर्टात, वॅनमध्ये (बाहेरनं येणाऱ्या नेटच्या वायरीच्या पोर्टात) नको, कॉम्प्युटर दुसऱ्या लॅन पोर्टात. नाव-पासवर्ड खालचाच ठेवा, चॅनल मात्र वेगळं, २.४ गिगाहर्ट्झवर खाली १ तर वर ६ किंवा ११. जुन्या राउटरचे पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच असतात पण क्लासला तेवढं भरपूर झालं.